सॉफ्टवेअरच्या पोटात काय आहे, ते निविदेत विचारा

घरपट्टीची पावती ज्या सॉफ्टवेअरमधून निघते ते कुठल्या कंपनीचं, किती लाखांना घेतलं, कोणाच्या मेहुण्याने पुरवलं, हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही माहीत असतं. त्यात गैर काही नाही, आमच्या निम्म्या बातम्या तिथूनच येतात. पण ते सॉफ्टवेअर आतून कसं जोडलंय, त्यातला एखादा भाग कुजला तर तो कोणी बदलायचा, हे विचारणारा नगरसेवक मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत एकाही सर्वसाधारण सभेत पाहिलेला नाही. विरोधी बाकावरचाही नाही.

पोस्ट लांब आहे. विषय कोरडा वाटेल, पण आपल्या पैशाशी आणि आपल्या माहितीशी त्याचा थेट संबंध आहे. संगणकाच्या क्षेत्रातले मित्र सुरुवातीचे तीन-चार परिच्छेद सोडून पुढे गेले तरी चालेल. मी पत्रकारितेची पदविका केलेला माणूस, कोडची एक ओळ लिहिता येत नाही. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडून समजून घेतलं, मग स्वतः वाचलं, आणि आता माझ्या भाषेत मांडतोय.

कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच कंपनीने लिहिलेलं नसतं. पासवर्ड कुलूपबंद करून पाठवणं, फोटो उघडणं, फाइल दाबून लहान करणं, मराठी जोडाक्षरं पडद्यावर नीट मांडणं, ही कामं सगळ्यांनाच लागतात. म्हणून ती करणारे तयार संच असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. बहुतेक फुकट मिळतात, जगभरची माणसं मिळून ते सांभाळतात, आणि शंभर कंपन्या तेच शंभर ठिकाणी वापरतात.

आता हा संच आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचा कसा, याच्या दोन रीती आहेत. एक, त्याची नक्कल करून ती आपल्या प्रोग्रॅमच्या पोटातच घालायची. प्रोग्रॅम तयार होतानाच सगळं एकजीव होतं. याला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. दुसरी रीत म्हणजे संच वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि प्रोग्रॅममध्ये फक्त लिहायचं की 'मला अमुक नावाचा संच लागेल'. प्रोग्रॅम सुरू होताना संगणक तो शोधून आणून जोडून देतो. हे डायनॅमिक लिंकिंग. विंडोजवर .डीएलएल शेपटीच्या फाइली दिसतात ना, त्या ह्याच. लिनक्सवर त्यांची शेपटी .एसओ असते.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. पूर्वी स्थानिक दिवाळी अंकात मागच्या पानावर एसटीचं वेळापत्रक छापायचे. अंक घरात आहे म्हणजे वेळापत्रक घरात आहे, स्टँडवर जायची गरज नाही. हे झालं स्टॅटिक. दुसऱ्या अंकाने नुसतं छापलं की 'वेळापत्रकासाठी स्टँडवरचा फलक पाहावा', तर ते डायनॅमिक. पौष महिन्यात आगाराने सकाळची गाडी अर्धा तास अलीकडे आणली, की पहिल्या अंकाच्या सगळ्या प्रती एका दिवसात चुकीच्या. छापणारा प्रत्येक घरी जाऊन दुरुस्ती चिकटवणार आहे का? दुसऱ्या अंकाच्या वाचकाला काहीच करावं लागत नाही, फलक बदलला की झालं. पण फलकच कोणी पुसून टाकला, किंवा रंगवताना चुकीची वेळ लिहिली, तर अख्ख्या तालुक्याची गाडी चुकते. आणि घरात अंक असणारा मात्र तेव्हा आरामात गाडी पकडतो.

या एवढ्या गोष्टीत जवळजवळ सगळा वाद आहे. पुढचं सगळं हा फलक कोणाच्या ताब्यात आहे, याबद्दल आहे.

७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरचा व्यवहार कुलूपबंद करणारी लायब्ररी. तिच्या १.०.१ या मार्च २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीत एक चूक शिरली होती. समोरच्याने एक फसवा निरोप पाठवला की सर्व्हर आपल्या स्मरणातला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बिनबोभाट परत द्यायचा. त्यात पासवर्ड असू शकत होता, कुलपाची किल्लीही असू शकत होती. पुन्हा पुन्हा मागा, पुन्हा पुन्हा मिळेल. कॅनडाच्या करखात्यातून साधारण ९०० लोकांचे सामाजिक विमा क्रमांक यातून गेले, असं त्या खात्यानेच सांगितलं. करखातं, लक्षात घ्या.

दुरुस्ती त्याच दिवशी आली, १.०.१जी. ज्या लिनक्स सर्व्हरवर सगळे प्रोग्रॅम एकच सामायिक ओपनएसएसएल वापरत होते, तिथे एक पॅकेज बदललं आणि वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, डेटाबेस सगळे एकदम दुरुस्त झाले. अर्थात ते बंद करून पुन्हा सुरू करावे लागले, कारण चालू प्रोग्रॅम जुनीच प्रत धरून बसलेला असतो. ही बारीक गोष्ट अनेक ठिकाणी राहून जाते. पण ज्यांनी ओपनएसएसएल पोटात घालून आपलं सॉफ्टवेअर किंवा उपकरण विकलं होतं, त्यांच्या गिऱ्हाइकाला स्वतः काहीही करता येत नव्हतं. कंपनीने नवा प्रोग्रॅम बनवून द्यावा, मगच सुटका. कंपनी जिवंत असेल तर.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. मार्च २००२ मध्ये झेडलिब या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीत दोष सापडला, तेव्हाही हाच घोळ झाला होता. असंख्य प्रोग्रॅमांनी तिची नक्कल पोटात घेतलेली, आणि कोणाकोणाच्या पोटात आहे याची यादीच कुठे नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या नियमपुस्तकात तर स्वच्छ लिहिलंय की दुसऱ्याच्या लायब्ररीची प्रत आपल्या पॅकेजात कोंबू नका, सामायिक असेल ती वापरा. असे नियम हौसेने होत नाहीत, अशा रात्री जागून काढल्यावर होतात.

सप्टेंबर २०२३ चं प्रकरण तर आपल्या सगळ्यांच्या संगणकावर होतं. लिबवेबपी ही वेबपी जातीची चित्रं उघडणारी छोटी लायब्ररी. नुसतं एक मुद्दाम बिघडवलेलं चित्र उघडलं की समोरच्याला तुमच्या संगणकात शिरता येईल, असा दोष. क्रोमने चार-पाच दिवसांत दुरुस्ती दिली, फायरफॉक्सनेही. पण इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर बांधलेली कितीतरी डेस्कटॉप ॲप्स आहेत. स्लॅक, डिस्कॉर्ड, प्रोग्रॅमर वापरतात तो व्हीएस कोड. त्यातलं प्रत्येक ॲप आपल्यासोबत क्रोमचा आख्खा गाभा घेऊन येतं. म्हणजे एका संगणकावर त्याच लायब्ररीच्या पाच-सहा प्रती. क्रोम दुरुस्त झालं म्हणून बाकीची दुरुस्त होत नाहीत, प्रत्येकाची वेगळी वाट बघायची.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग सरळ डायनॅमिकच करा की. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे.

ज्यांनी विंडोज ९५ किंवा ९८ वर टायपिंग क्लास चालवलाय त्यांना आठवत असेल. एक नवीन गेम टाकला की मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बंद पडायचं. 'अमुक डीएलएल सापडत नाही' असा डबा पडद्यावर यायचा. कारण गेमच्या सीडीने विंडोजच्या फोल्डरमधली सामायिक डीएलएल आपल्याकडच्या वेगळ्या आवृत्तीने बदलून टाकलेली असायची. सामायिक विहिरीत प्रत्येकजण आपापली बादली धुतोय, असा प्रकार. इंग्रजीत त्याला डीएलएलचा नरकच म्हणायचे. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने या फाइलींना पहारा बसवला, नंतर एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली. म्हणजे काय, तर सामायिक ठेवायचं म्हणत म्हणत पुन्हा अनेक प्रती.

आणि आपल्या गावांत स्टॅटिकचा एक फायदा इतका मोठा आहे की तो पुण्यात बसून कळत नाही. एक फाइल, पेनड्राइव्हवर टाका, दुसऱ्या टोकाच्या गावातल्या केंद्रावर न्या, डबलक्लिक करा, चालू. इंटरनेट नको, 'आधी हे टाका मग ते टाका' नको, संगणक सात वर्षं जुना असला तरी चालेल. ज्या ऑपरेटरकडे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं त्याला सामायिक लायब्ररीचं तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. गूगलने २००९ मध्ये आणलेली गो ही भाषा लोकांना आवडली त्यात याचा वाटा मोठा आहे. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम सहसा एकसंध फाइल बनून बाहेर येतो. कंपनीच्या दृष्टीनेही हे सुखाचं असतं. जे तपासलं तेच गिऱ्हाइकाकडे चालतं, त्याच्या संगणकावर कुठली आवृत्ती असेल ही काळजी नाही.

मग २९ मार्च २०२४. गुड फ्रायडेचा दिवस. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा. त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या संगणकात दुरून शिरताना अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ जातोय. अर्धा सेकंद! आपण सर्व्हर डाऊन म्हणून चार तास रांगेत उभे राहतो. त्याने खणत खणत शोधलं तर एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ निमूटपणे मदत करत करत, एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला होता.

आता गंमत बघा. दुरून शिरायच्या त्या प्रोग्रॅमला, म्हणजे एसएसएचला, एक्सझेडची मुळात गरजच नाही. पण काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिला एक्सझेडची लायब्ररी लागायची. मित्राचा मित्र म्हणून घरात आलेला. तो घरात आला तो डायनॅमिक जोडणीच्या दारातून, आणि जोडणी होत असतानाच त्याने किल्ली तपासणारं काम आपल्याकडे वळवून घेतलं. सुदैवाने हे मुख्यतः डेबियन आणि फेडोरासारख्या वितरणांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचलं होतं. आणखी काही महिने गेले असते तर हाच सामायिक फलक जगभरच्या सर्व्हरवर लागला असता.

सामायिक गोष्टीची ही जोखीम आपण दुसऱ्या रूपात पाहिलीय. ३१ जुलै २०२४ ला एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला म्हणून एनपीसीआयने त्याला पेमेंटच्या यंत्रणेपासून तोडलं, आणि देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. सहकारी आणि ग्रामीण बँका. ते लिंकिंगचं प्रकरण नव्हतं, गल्लत करू नका. पण तीनशे जणांनी एकाच खांबाला दोरी बांधली की खांब पडल्यावर काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

दोन्ही बाजू एकाच घटनेत बघायच्या तर फेब्रुवारी २०१८ आठवा. तेलुगूतलं एक जोडाक्षर आयफोनवर आलं की ॲप कोसळायचं. व्हॉट्सॲप असो, मेसेज असो, कुठलंही. कारण अक्षरं मांडणारी ॲपलची लायब्ररी सगळ्यांना सामायिक. दोष तिच्यात, म्हणून सगळेच आडवे. पण १९ फेब्रुवारीला ॲपलने आयओएस ११.२.६ दिलं आणि त्या एका अपडेटने सगळी ॲप्स उभी राहिली. एकाही ॲपवाल्याला काही करावं लागलं नाही.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर आम्हा मराठी पत्रकारांचं दुखणं सांगतो. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र, तो आडवा कोयत्यासारखा येतो ना, तो ब्राउझरमध्ये नीट दिसतो आणि तीच बातमी पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली की पाय मोडून पडतो. फॉन्टला शिव्या बसतात. पण पुष्कळदा दोष अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीचा असतो. हार्फबझ नावाची एक उत्तम मुक्त लायब्ररी आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळे तीच वापरतात. पण प्रत्येकाच्या पोटात कुठली आणि किती जुनी प्रत आहे, की तिथे भलतीच काही आहे, यावर आपला 'दुसऱ्या' उभा राहणार की लंगडणार हे ठरतं. मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणात हे कोणी बोलत नाही.

आता आमच्या इथली गोष्ट. कार्यालयाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, एका नावावर राग काढून विषय संपावा असं मला वाटत नाही. एका स्थानिक स्वराज्य संस्थेत करवसुलीचं सॉफ्टवेअर आहे. वसुली केंद्रांवरच्या संगणकांत चालणारा प्रोग्रॅम कंपनीच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवता येतो. वरून पत्र आलं की सगळे संगणक अद्ययावत करा आणि तसा अहवाल पाठवा. तिथल्या ऑपरेटर मुलाने शनिवारी रात्री नऊपर्यंत बसून सगळं विंडोज अपडेट केलं. अहवालात सगळीकडे 'होय' लिहून गेलं. मुलाने काम प्रामाणिकपणे केलं होतं, हे आवर्जून सांगतो.

गौरी-गणपतीला भाचा घरी आला होता. मी सहज म्हटलं, बघ रे हे. त्याने ती फाइल उतरवली आणि तिच्यातला वाचता येण्याजोगा मजकूर बाहेर काढणारी एक साधी आज्ञा चालवली. पाच मिनिटांचं काम. मोदकाचं ताट बाजूला सरकवून म्हणाला, "मामा, हे वाच." ओपनएसएसएल १.०.२, आणि पुढे मधलंच कुठलंतरी अक्षर. या मालिकेचा सर्वांसाठी असलेला आधार ३१ डिसेंबर २०१९ ला संपला.

"अरे पण त्यांनी परवाच सगळं अपडेट केलं ना?"

"ते विंडोजचं झालं, मामा. ह्याच्या पोटातलं तसंच आहे. निदान डीएलएल वेगळी ठेवली असती तर त्याच मालिकेतली शेवटची तरी टाकता आली असती. इथे कंपनीशिवाय कोणी हात लावू शकत नाही."

मी कंपनीला फोन केला. उत्तर सभ्य होतं. देखभालीचा करार संपलाय, नवी आवृत्ती आहे, दरपत्रक पाठवू का. करार मी पाहिला. त्यात 'सॉफ्टवेअरची देखभाल' हे दोन शब्द आहेत, आणि देखभाल म्हणजे काय ते कुठेही नाही. लोकांची माहिती चोरीला गेली असं मी म्हणत नाही, तसा कुठलाही पुरावा माझ्याकडे नाही. माझं म्हणणं एवढंच की अहवालात 'होय' लिहिलेलं आहे, आणि त्याच संगणकावर जो प्रोग्रॅम आपलं नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि थकबाकी घेऊन बाहेर जातो त्याच्या पोटात जुनाच माल आहे.

भाच्याशी त्या रात्री बराच वाद झाला. त्याचं मत पडलं की मुळात स्टॅटिक वाईट नाही, टाकून दिलेलं स्टॅटिक वाईट. जी कंपनी दोष जाहीर झाल्यावर दोन दिवसांत नवा प्रोग्रॅम बांधून सगळ्यांकडे पोचवते तिने खुशाल सगळं पोटात घालावं. हे मला पटलं. त्याने आणखी एक सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. आजकाल मोठे सर्व्हर कंटेनरमध्ये चालतात. प्रोग्रॅम कागदोपत्री डायनॅमिक, पण कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांचं एक बंद पार्सल. बाहेरचा संगणक अपडेट केला तरी पार्सलमधलं तसंच राहतं. नाव डायनॅमिकचं, वागणं स्टॅटिकचं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भयंकर दोष निघाला तेव्हा जगभरचे अभियंते आठवडेच्या आठवडे हेच शोधत होते की ती आपल्याकडे कुठल्या पार्सलच्या आतल्या पार्सलमध्ये आहे. दुरुस्ती करणं सोपं होतं, शोधण्यातच सगळा वेळ गेला.

ज्या कंपन्या स्वतःच लायब्ररी बनवून इतरांना देतात त्यांचं कोडं आणखी अवघड. समजा पेमेंटची लायब्ररी देणाऱ्याने आपल्या पोटात ओपनएसएसएल घातली, आणि ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमने स्वतःही वेगळी ओपनएसएसएल घेतली. आता एका प्रोग्रॅमात त्याच नावाचे दोन संच. एका दुकानात दोन गल्ले, आणि दोघांच्या वहीवर एकच नाव. कोण कोणाच्या गल्ल्यातून पैसे देतंय कळेनासं होतं आणि मधूनच सगळं कोसळतं, तेही असं की कारण सापडत नाही. म्हणून जाणती मंडळी आपली लायब्ररी देताना दुसऱ्याची पोटात घालत नाहीत, फक्त 'ही लागेल, या आवृत्तीची लागेल' असं सांगतात. आणि स्वतःची आवृत्ती बदलताना जुन्या प्रोग्रॅमांशी असलेला करार मोडत नाहीत. मोडायचाच झाला तर फाइलीच्या नावातला आकडा बदलतात, म्हणजे जुने जुन्याला धरून राहतात. ही शिस्त पाळली तरच डायनॅमिकचा फायदा. नाही पाळली तर विंडोज ९८.

कायद्याचंही एक अंग आहे. १९९१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी लायब्ऱ्यांसाठी वेगळा परवाना काढला, आज त्याला एलजीपीएल म्हणतात. त्याचा मतितार्थ असा की आमची लायब्ररी तुमच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये वापरा, हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला ती बदलून दुसरी बसवता आली पाहिजे. डायनॅमिक जोडली तर हे आपोआप होतं. पोटात घातली तर पुन्हा जोडता येईल असे सुटे भाग गिऱ्हाइकाला द्यावे लागतात. मला हा परवाना फार आवडला. ट्रॅक्टरचा बेअरिंग बाहेरून आणून बसवता आला पाहिजे, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याचा तो परवाना आहे.

मग आमच्यासारख्या ठिकाणी काय मागायचं? माझं मत मोजकं आहे. जो भाग इंटरनेटशी बोलतो किंवा बाहेरून आलेली फाइल उघडतो, म्हणजे कुलूप लावणारा, चित्र उघडणारा, फाइल दाबणारा, तो सुटा असावा आणि कंपनीची वाट न बघता बदलता यावा. कंपनीला पोटातच घालायचं असेल तर दोष जाहीर झाल्यापासून किती दिवसांत नवा प्रोग्रॅम देणार, हे करारात आकड्यात लिहावं, आणि करार संपल्यावरही निदान सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षं देणार तेही. ऑफलाइन चालणारं मोजमापाचं वगैरे साधं साधन असेल तर एकसंध फाइलच बरी, ऑपरेटरचा जीव वाचतो. आणि काहीही असो, पोटातल्या मालाची यादी हवीच.

ही यादी माझ्या डोक्यातली कल्पना नाही. तिला एसबीओएम म्हणतात, बिस्किटाच्या पुड्यावर घटक लिहिलेले असतात तशी सॉफ्टवेअरची घटकसूची. अमेरिकेत मे २०२१ च्या अध्यक्षीय आदेशात ती आली. आपल्याकडे सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यात सरकारी आणि सार्वजनिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. गो भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये तर अशी यादी आतच असते, एका आज्ञेत वाचता येते. म्हणजे पोटात घालूनही प्रामाणिक राहता येतं. इथल्या गेल्या दोन वर्षांतल्या सॉफ्टवेअर खरेदीच्या ज्या चार निविदा मला पाहायला मिळाल्या त्यात संगणकाचा रॅम, प्रिंटरचा वेग, ठेकेदाराची उलाढाल, सगळं होतं. घटकसूचीचा शब्द एकीतही नव्हता.

गेल्या सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचं तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे ओपनएसएसएल म्हणजे काय ते समजावायला जागा उरली नाही. तीन गोष्टी मागितल्यात. करवसुलीच्या सॉफ्टवेअरची घटकसूची कार्यालयाकडे असल्यास तिची प्रत. करारातल्या 'देखभाल' या शब्दात सुरक्षेची दुरुस्ती धरली आहे का, हे दाखवणारा कागद. आणि संगणक अद्ययावत केल्याचा जो अहवाल वर पाठवला, त्याची प्रत.

अर्ज घेताना आवक-जावकच्या बाईंनी विचारलं, "दादा, हे कुठल्या विभागाचं? बांधकामचं की कराचं?" मी म्हटलं, ताई, तुम्हीच ठरवा. त्यांनी थोडा विचार करून 'संकीर्ण' असा शिक्का मारला. तीस दिवसांची मुदत आहे. तोवर तुमच्या नगरपरिषदेत, पंचायत समितीत, पतसंस्थेत हाच प्रश्न विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.